चार दिवस, पाच माणसं, मुक्काम डोंबिवली: मुंबई कशी बसवायची?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर लातूरहून मुंबईला येतोय. रविवारी पहाटे पोचणार, बुधवारी रात्रीच्या गाडीने परत. मुक्काम डोंबिवली पूर्वेला मावशीकडे.

माणसं पाच: आई (६४, गुडघे कुरकुरतात), बाबा (६९, प्रत्येक इमारतीपुढे थांबून 'ही कोणी बांधली' विचारतात), बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि मी. मागण्या: आईला सिद्धिविनायक, बाबांना गेटवे आणि घारापुरी, बायकोला दादरची खरेदी, मुलाला पेंग्विन आणि डबलडेकर.

कच्चा आराखडा:
रविवार – दादरची खरेदी
सोमवार – घारापुरी
मंगळवार – सिद्धिविनायक
बुधवार – राणीची बाग, मग सामान घेऊन सीएसएमटीहून गाडी

रोज सकाळी आठला घर सोडायचं, असा बेत आहे. लोकलची सवय कुणालाच नाही. काय चुकतंय ते सांगा, बोला बिनधास्त.

---

सात_बारा

दादा, एवढा नेमाने चुकलेला बेत क्वचितच पाहायला मिळतो. चारही दिवस चुकीच्या वारी!

सोमवारी घारापुरीची लेणी बंद. मंगळवार हा सिद्धिविनायकाचा वार, म्हणजे रांगेत आईंचे गुडघे तुमच्याशी बोलायचे थांबतील. बुधवारी राणीची बाग बंद (बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर उघडी आणि मग गुरुवारी बंद, ही एक गंमत लक्षात ठेवा). आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक.

म्हणून उलटंपालटं करा:

रविवार – फोर्ट, सीएसएमटी, गेटवे. ऑफिसं बंद, रस्ते मोकळे, बाबांना इमारतींपुढे उभं राहायला जागा.
सोमवार – राणीची बाग.
मंगळवार – घारापुरी.
बुधवार – सिद्धिविनायक आणि दादर. दादरला सोमवारी बरीच दुकानं बंद असतात, बुधवारी तो प्रश्न नाही.

आता 'रोज आठला घर सोडायचं' याबद्दल. डोंबिवलीत सकाळी आठला लोकल पकडणं हा नवख्यांचा खेळ नाही. साधारण सात ते साडेदहा सगळी गर्दी मुंबईच्या दिशेने आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ तीच गर्दी उलटी. तुम्ही बरोबर त्याच दिशेने जाणार आणि येणार आहात. त्यामुळे सोमवार ते बुधवार दोनच पर्याय: एकतर सहाच्या आत स्टेशनवर, नाहीतर साडेदहानंतर. परतताना चारच्या आसपास गाडीत बसलेले असा, नाहीतर जेवून नऊनंतर निघा. मधल्या वेळेला हात लावू नका.

डोंबिवली ते सीएसएमटी ४८ किलोमीटर, जलद गाडीने सव्वा तास धरा, धीम्या गाडीने दीड तासाच्या आसपास. सेकंड क्लासचं तिकीट माणशी १५ रुपये. मुलगा पाच ते बारा वर्षांच्या आतला, म्हणजे अर्धं तिकीट. एवढ्या पैशात एवढं अंतर नेणारं दुसरं वाहन या शहरात नाही, म्हणून गर्दीबद्दल कुरकुर करायची पण जास्त मोठ्याने नाही.

रविवारच्या मेगाब्लॉकचं समजून घ्या. साधारण अकरा ते चार या वेळात एखाद्या टप्प्यातल्या जलद किंवा धीम्या मार्गावर काम चालतं. गाड्या बंद होत नाहीत, एका मार्गावरच्या दुसऱ्या मार्गावर वळवतात. त्यामुळे दोन गोष्टी होतात: दहा-पंधरा मिनिटं उशीर, आणि गाडी नेहमीच्या फलाटाऐवजी भलत्याच फलाटावर. रविवारी फलाटावरच्या इंडिकेटरपेक्षा घोषणेवर कान ठेवा. कुठल्या टप्प्यात ब्लॉक आहे ते शुक्रवार-शनिवारी जाहीर होतं. डोंबिवलीहून साडेनऊच्या आत निघालात तर जाताना ब्लॉक लागणारच नाही.

---

चौथी_सीट

वर वारांचा घोळ मिटला, आता डब्यात शिरू या.

इंडिकेटर वाचायला शिका, अर्धी मुंबई तिथेच जिंकली. त्यावर वेळ, गाडीचं अक्षर, जलद की धीमी, बारा डबा की पंधरा डबा आणि किती मिनिटांत येणार एवढं असतं. परतताना सीएसएमटीला ही अक्षरं कामाला येतात: के म्हणजे कल्याण, ए अंबरनाथ, बीएल बदलापूर, एस कर्जत, एन कसारा, टी ठाणे. यातली 'टी' सोडून सगळ्या डोंबिवलीवरून जातात. जलद कर्जत-कसारा गाड्यांत लांबची माणसं बसलेली असतात, ती तुमच्यासाठी उठणार नाहीत. शक्यतो डोंबिवली किंवा कल्याण गाडी पकडा.

बारा डबा आणि पंधरा डबा यातला फरक असा, की बारा डब्यांची गाडी फलाटाच्या टोकापर्यंत पोचत नाही. निवांत म्हणून टोकाला उभे राहिलात तर गाडी आल्यावर पाचही जण धावताना दिसाल.

डब्यावर लाल-पिवळे तिरपे पट्टे दिसले तर तो फर्स्ट क्लास. पाट्या वाचायला वेळ मिळत नाही, पट्टे मात्र लांबून दिसतात. सेकंडचं तिकीट घेऊन त्यात सापडलात तर भाड्यातला फरक आणि वर किमान २५० रुपये दंड, तोही माणशी. पाच माणसांचा हिशेब तुम्हीच करा.

चढणं: दरवाजाच्या दोन्ही बाजूंना उभं राहायचं, समोर नाही. समोरून माणसांचा लोंढा उतरतो. मधल्या स्टेशनात गाडी वीस-तीस सेकंद थांबते. पाच माणसांसाठी ते पुरेसं आहे, पण 'आधी तू चढ, नाही आधी आई' एवढी चर्चा त्यात बसत नाही. क्रम घरूनच ठरवा: सगळ्यात आधी तुम्ही, मग आई, बाबा, मुलगा आणि शेवटी बायको. दोन्ही टोकांना धडधाकट माणूस आणि मध्ये म्हातारी-पोरं. उतरतानाही हाच क्रम.

बसणं: बाक तीन जणांचा, बसतात चार. चौथ्याला टेकण्यापुरती जागा मिळते, अर्धं शरीर वाटेत. ती मागायची रीत म्हणजे नुसतं 'जरा सरकता का?' एवढं पुरतं. लोक वर न बघता सरकतात. आणि बसलेल्याला 'कुठे उतरणार?' असं विचारणं इथे उद्धटपणा नाही, ते आरक्षण आहे. तो 'कुर्ला' म्हणाला की कुर्ल्यापासून ती जागा तुमची, असं आजूबाजूचे पाच जण मान्य करतात.

उतरणं: उतरायच्या एक स्टेशन आधी दरवाजाकडे सरकायला लागा. दादरला उतरायचं तर कुर्ला गेलं की उठा. पुढच्या माणसाला 'दादर?' एवढंच विचारा. तो मान हलवेल किंवा बाजूला होईल. फलाट कुठल्या बाजूला येणार हेही आधीच विचारून ठेवा, नाहीतर भिंतीकडे तोंड करून तयार उभे राहाल.

सामान: पाठीवरची बॅग पोटावर घ्या. चोरापेक्षाही मागच्या माणसाच्या नाकासाठी. जड असेल तर खिडकीवरच्या फळीवर ठेवा. कुणाच्या तरी हातात द्यायची, ती पुढे पुढे जात फळीवर पोचते. उतरताना तशीच परत येते.

पंखा बंद दिसला तर एखादा गृहस्थ खिशातला कंगवा जाळीत घालून पाती ढकलेल. त्यात विशेष काही नाही, दुरुस्ती अशीच होते. मुलाला हे फार आवडेल, बोट घालू देऊ नका.

---

मांजराकाठ

बाप रे. वारांचं तर लक्षातच आलं नव्हतं. दोन प्रश्न: एसी लोकल घेतली तर आईचा त्रास वाचेल का? आणि आई व बायको लेडीज डब्यात, मी, बाबा, मुलगा जनरलमध्ये, असं केलं तर?

---

गिरगावची_सून

एसी लोकल चांगली, पण गाड्या मोजक्या. वेळ पाहून जायचं, स्टेशनवर जाऊन 'आता एसी कधी' असं नाही. २०२२च्या मे महिन्यात भाडी निम्मी झाली. तरी डोंबिवलीपासून माणशी शंभराच्या घरात जातात. दारं आपोआप बंद होतात, म्हणून फुटबोर्डवर लोंबकळणं नाही, पण अर्धे आत अर्धे बाहेर अशी चैनही नाही. आईंसाठी परतीच्या प्रवासात एकदा घ्या, रोज गरज नाही.

लेडीज डब्याचं म्हणाल तर गर्दी नसलेल्या वेळी फाटाफूट करूच नका, सगळे जनरलमध्ये एकत्र बसा. गर्दीच्या वेळी लेडीजमध्येही काही गालिचे अंथरलेले नसतात. गाडीत लेडीजचे डबे एकापेक्षा जास्त असतात आणि काही ठरावीक वेळेपुरतेच लेडीज असतात. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. वेगळे बसलातच तर नियम एकच: उतरल्यावर बायकांनी जागेवरून हलायचं नाही, पुरुषांनी चालत त्यांच्याकडे यायचं. दोन्ही बाजूंनी एकमेकांना शोधायला निघालं की पुलावर चुकामूक ठरलेली.

तिकिटासाठी मोबाइलवर रेल्वेचं रेलवन अ‍ॅप घेऊन ठेवा, लातूरलाच, मावशींच्या वायफायवर नाही. स्टेशनात शिरल्यावर नुसत्या अ‍ॅपमधून तिकीट निघत नाही, म्हणून बाहेर असतानाच काढा. मोबाइलवर काढलेल्या तिकिटावर तासाभरात प्रवास सुरू करायचा. आणि तिकीट ज्याच्या फोनवर, त्याच्याबरोबरच सगळे. लेडीज डब्यात टीसी आली आणि फोन जनरलमध्ये, तर ऐकून कुणी घेणार नाही. वेगळं बसायचं असेल तर तिकिटं वेगवेगळ्या फोनवर काढा किंवा खिडकीवर छापील घ्या.

आता सोमवारचं. राणीची बाग भायखळ्याला. जलद गाड्या भायखळ्याला थांबतात, तेव्हा दादरला बदलायची भानगड नाही. पूर्वेला उतरून चालत दहा मिनिटं. सकाळी साडेनऊला उघडते, तुम्ही बारापर्यंत पोचलात तरी चालेल. मोठ्यांना ५०, मुलांना २५ रुपये आणि आई-वडील व दोन मुलं असं कुटुंबाचं एकत्र तिकीट १०० रुपयांचं आहे, ते आधी विचारा. ज्येष्ठांना पैसे नाहीत, आईबाबांचं आधार कार्ड जवळ असू द्या. पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, गार काचेच्या दालनात आहेत. रांग दारापासून सुरू होते, म्हणून आत शिरल्या शिरल्या आधी पेंग्विन, मग वाघ, मग बाकी सगळं. बहुतेक लोक याच्या उलट करतात आणि शेवटी पोरं रडतात. बागेत चालणं बरंच आहे. आईंना पेंग्विन दाखवून झाडाखालच्या बाकावर बसवा, तिथली जुनी झाडं बघण्यासारखी आहेत.

'मत्स्यालयही करू' असं बाबा म्हणतील. शाळेच्या सहलीत ज्यांनी तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं ते सगळे म्हणतात. ते बंद आहे. म्हातारीचा बूट मात्र मलबार हिलवर जागच्या जागी आहे.

---

कटिंग_दोन

एसी लोकल, पेंग्विन सगळं ठीक. पोराच्या डबलडेकरचं कुणी बोलेना.

जुन्या डिझेलच्या लाल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ला कायमच्या निघाल्या. आता आहेत त्या विजेवरच्या, एसी. सीएसएमटीहून एनसीपीएकडे (नरिमन पॉइंटचं कलाकेंद्र) जाणारी ११५ नंबरची पकडा. वरच्या मजल्यावर अगदी पुढची काचेची सीट मिळेपर्यंत एक बस सोडावी लागली तरी सोडा, नाहीतर पोरगं डबलडेकरमध्ये बसलं आणि त्याला पुढच्या माणसाचं टक्कल दिसलं, असं व्हायचं. एसी बसचं किमान भाडं १२ रुपये, साध्या बसचं १०. बेस्टच्या पुढच्या पाटीवर नंबर मराठी आकड्यांत येतो. आईबाबा तुमच्या आधी वाचतील.

एनसीपीएला उतरलात की समोर मरीन ड्राइव्हचं टोक. कठड्यावर बसा. कठड्यापलीकडे जे सिमेंटचे चौपायी दगड दिसतात ते लाटा फोडायला आहेत, सेल्फी काढायला नाहीत. शेवाळावरून पाय सटकला की मधल्या फटीतून माणूस वर काढायला अग्निशमन दल लागतं.

---

सात_बारा

रविवारचं सीएसएमटी ते गेटवे, हे अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास. काळी-पिवळी टॅक्सीचं किमान भाडं दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे किलोमीटरला साधारण वीस-एकवीस. म्हणजे गेटवेपर्यंत पन्नासेक रुपये. पण टॅक्सीत चारच बसतात. तुम्ही पाच आहात, तेव्हा दोन टॅक्सी, शंभर रुपये. मीटर टाकायला सांगा, 'किती घेणार' विचारलं की तो तुम्हाला ओळखतो. रिक्षा तिथे दिसणार नाही. पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला शीव ही रिक्षांची वेस. त्यापुढे दक्षिणेला त्यांना बंदी. डोंबिवलीत मात्र रिक्षाच रिक्षा.

बाबांना चालायचं असेल तर मेट्रो ३ने सीएसएमटीहून एकच स्टेशन, हुतात्मा चौक. तिथून काळा घोडा, वस्तुसंग्रहालय करत गेटवे. ऑक्टोबर २०२५पासून ही मेट्रो आरे ते कफ परेड अशी पूर्ण, ३३.५ किलोमीटर, आरेचं टोक सोडलं तर सगळी जमिनीखालून. सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, आईंसाठी लोकलच्या पुलांपेक्षा कितीतरी सोपं. तिकीट १० ते ७० रुपये. मोबाइलचं नेटवर्क मात्र खाली दगा देतं, तेव्हा तिकीट रस्त्यावर असतानाच काढा आणि 'खाली भेटू, फोन करतो' असं ठरवू नका.

---

जुना_नकाशा

बाबांसाठी एवढं खिशात ठेवा, विचारतील म्हणून.

सीएसएमटी: वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, काम १८७८ला सुरू, दहा वर्षं चाललं. २००४पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात. मूळ बोरीबंदर, इथूनच १६ एप्रिल १८५३ला ठाण्याची पहिली गाडी निघाली, ३४ किलोमीटर. त्याच मार्गावरून तुम्ही रोज जाणार आहात हेही सांगा.

गेटवे: पाचव्या जॉर्जच्या १९११च्या भेटीसाठी म्हणतात, पण तो आला तेव्हा कमान नव्हतीच, पुठ्ठ्याची प्रतिकृती उभी केली होती. खरी कमान जॉर्ज विटेटची, ४ डिसेंबर १९२४ला खुली झाली. २८ फेब्रुवारी १९४८ला शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून गेली. हे वाक्य कमानीखाली उभं राहून सांगायचं. बाबा पाच मिनिटं गप्प बसतील, तेवढ्यात फोटो काढून घ्या.

---

कटिंग_दोन

> बाबा पाच मिनिटं गप्प बसतील

मुंबईची पाच मिनिटं की लातूरची? 'पाच मिनिटांत पोचतो' म्हणजे माणूस अजून घरात आहे. 'चालत पाच मिनिटं' म्हणजे मुंबईकराच्या चालीने पाच, तुमच्या चालीने बारा. फक्त 'गाडीला पाच मिनिटं आहेत' यातली पाच खरी.

---

चौथी_सीट

मंगळवारची घारापुरी नीट लावा, तिथेच फसायला होतं.

सकाळी सहाच्या आत डोंबिवली स्टेशन. डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी बघा. तीही रिकामी मिळेल असं नाही, अलीकडच्या स्टेशनांवरून उलटे येऊन बसलेले 'रिटर्न'वाले असतात, पण एवढ्या पहाटे जागा होते. साडेसातच्या सुमारास सीएसएमटी. नाश्ता करा, नऊच्या सुमारास लाँच सुरू होतात. गेटवेहून बेटापर्यंत साधारण तास. लाइफ जॅकेट देतील ते घालायचं, 'उकडतंय' म्हणून मांडीवर नाही ठेवायचं. पोराला आणि आईला वरच्या डेकच्या जिन्यावर चढउतार करू देऊ नका. लाटेत गुडघा तिथेच दगा देतो.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, ती घ्या. मग पायऱ्या, साधारण १२०, दोन्हीकडे दुकानं आणि वर ताडपत्री, त्यामुळे ऊन नाही. दर वीस पायऱ्यांना दुकानासमोर थांबायचं, दुकानदाराला वाटतं गिऱ्हाईक आहे, आईंना मिळतो दम. फारच झालं तर डोलीवाले आहेत, भाव आधी ठरवा आणि जाऊन-येऊन ठरवा. लेण्याचं तिकीट ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना नाही. ग्रामपंचायतीचा थोडा कर वेगळा, सुट्टे ठेवा.

माकडं. हातात बाटली, चिप्स, पिशवी काहीही दिसू द्यायचं नाही. सगळं चेनच्या बॅगेत. थंड पेयाची बाटली त्यांना झाकण फिरवून उघडता येते, त्यामुळे त्यांच्या हुशारीची परीक्षा घेऊ नका.

वर फार हिंडू नका. पहिल्या क्रमांकाचं लेणं म्हणजेच बाबांची घारापुरी. वीसेक फुटांची सदाशिवाची त्रिमूर्ती मागच्या भिंतीत आहे. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर दोन मिनिटं काही दिसत नाही. लोक तेवढ्यात फोटो काढून निघतात. खांबाला टेकून उभे राहा, डोळे सरावले की मधला चेहरा हळूहळू पुढे येतो.

एकपर्यंत परतीची लाँच धरा. अडीचला गेटवे, साडेतीन-पावणेचारला सीएसएमटी, सुटणारी गाडी, खिडकीची जागा. ही गाडी चुकवून 'एवढ्यात कुठे घरी जायचं' म्हणालात आणि सहाला दादरहून चढायला गेलात, तर पाचपैकी तीन जण चढतील.

---

मांजराकाठ

हे सगळं छापून घेतोय. आता 'पाचपैकी तीन चढले' तर काय करायचं तेही सांगा. आणि मावशीसाठी पाच किलो तूरडाळ, दोन किलो शेंगदाण्याची चटणी, कुंथलगिरीचे पेढे असं निघालंय. आई म्हणते लातूरहून रिकाम्या हाती जायचं नाही.

---

गिरगावची_सून

तीन चढले तर: चढलेल्यांनी पुढच्याच थांब्यावर उतरायचं आणि तिथेच, उतरलो त्या डब्याच्या जागी उभं राहायचं. मागे राहिलेल्यांनी पुढच्या गाडीने तिथे जायचं. एकाने थांबायचं, एकाने हलायचं. दोघेही 'मीच परत येतो' म्हणाले की गाड्या समोरासमोरून जातात. गाडी जलद असेल तर पुढचा थांबा म्हणजे पुढचं स्टेशन नव्हे, दादरनंतर थेट कुर्ला, हे दोघांनाही माहीत हवं. मुलाच्या खिशात दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. मोबाइल नाही, चिठ्ठी. रेल्वेची मदत १३९वर मिळते. आणि चालत्या गाडीत चढायचं-उतरायचं नाही, सगळे करतात म्हणून तर अजिबातच नाही.

स्वच्छतागृहाचं कुणी लिहिलं नाही. पुरुषांचं ठीक आहे हो, आईंना आधी विचारा. लोकलमध्ये सोय नाही, सव्वा तास. सीएसएमटीला उतरल्यावर पहिलं काम तेच. गेटवेला लाँचमध्ये बसायच्या आधी दुसऱ्यांदा. सुट्टी नाणी वेगळ्या डबीत ठेवा.

---

पाहुणचार

यजमानांच्या बाजूने चार शब्द, कारण डोंबिवलीच्या मावशी हे स्वतःहून बोलणार नाहीत.

डाळ आणा. पाच किलो आणा. लातूरची तूरडाळ म्हटल्यावर कुणी नको म्हणत नाही. पण ती लोकलमध्ये आणू नका. तुमची रेल्वे सीएसएमटीपर्यंत जात असली तरी तुम्ही कल्याणलाच उतरा. मुंबईपर्यंत जाऊन डोंबिवलीला परत येणं म्हणजे लातूरहून बार्शीला जाताना सोलापूर करण्यासारखं. कल्याण ते डोंबिवली मध्ये फक्त ठाकुर्ली. रविवारी पहाटे लोकल रिकामी असते, तिचं तिकीट वेगळं काढा. सामान फारच असेल तर बाहेरून रिक्षा करा. 'घ्यायला ये' असं मावसभावाला सांगू नका, आठवड्यातली त्याची ती एकच झोप.

परतीचंही तसंच. बुधवारी बॅगा घेऊन सीएसएमटीला जायचा विचार सोडा. तिकिटावरचा बोर्डिंग पॉइंट कल्याण करून घ्या, चार्ट लागायच्या आत. नुसतंच कल्याणला चढलात आणि बदल केला नसेल, तर टीसी तुमची जागा दुसऱ्याला देऊ शकतो. असं केलं की बुधवारी सिद्धिविनायक आणि दादर मोकळ्या हाताने होतं. साडेदहानंतर निघा, दादरला उतरा, तिथून मंदिरापर्यंत टॅक्सी. दर्शन आधी, खरेदी नंतर. पिशव्या घेऊन रांगेत उभं राहायला नको. चारच्या गाडीने परत, जेवण, रात्री रिक्षाने कल्याण. दादरला फलाट क्रमांक शोधताना जुन्या माणसांचं ऐकू नका: डिसेंबर २०२३पासून पश्चिम रेल्वेचे १ ते ७, मध्य रेल्वेचे ८पासून पुढे. तुमचे आठपासून पुढचेच.

आता घरातलं. मुंबईत माणसं गाडीला वेळेने ओळखतात. घरात कुणीतरी 'माझी सात बारा' म्हणालं तर तो शेताचा उतारा नाही, सात वाजून बारा मिनिटांची लोकल आहे. ती गेली की पुढचा सगळा दिवस पंधरा मिनिटं मागे पडतो. म्हणून कामाच्या दिवशी पावणेसहा ते सात बाथरूमला हात लावू नका. मंगळवारी तुम्ही पाचलाच आटपणार, तो दिवस सुटला. सोमवार-बुधवार तुम्हाला साडेदहाला निघायचंय, निवांत आठनंतर अंघोळी करा. पाणी किती वाजता येतं आणि जातं ते पहिल्या दिवशीच विचारा, मग 'नळाला पाणीच नाही' अशी आरोळी घरातून येणार नाही.

रात्री दहानंतर पत्ते मांडायचे तर शुक्रवार-शनिवार. रविवार ते बुधवार नाही.

---

मांजराकाठ

सात बाराचं वाचून बाबा अर्धा तास हसतायत, ते तलाठी होते.

बोर्डिंग बदललं, कल्याण केलं. आराखडा पक्का: रविवारी गेटवे, सोमवारी पेंग्विन, मंगळवारी घारापुरी, बुधवारी सिद्धिविनायक आणि दादर. फक्त एक राहिलं. रविवारी गेटवेहून दमून आल्यावर जेवण मावशीकडे की बाहेर?

---

पाहुणचार

मावशींकडेच. पण सीएसएमटीहून निघताना फोन करून 'गाडीत बसलो' एवढंच सांगा. त्या हिशेबाने कुकर लागतो. 'निघतोय' म्हणालात नि बसला नाहीत, तर भात गार.